गालातून सुई घालून नस 'जाळतात' तेव्हा चेहरा वाकडा होतो का?

वडिलांना ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेतून कळा येण्याचा आजार आहे, कार्बामाझेपिनच्या गोळीने कळ थांबते पण तोल जातो, म्हणून आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी, म्हणजे सुईच्या टोकाने नस तापवणं) सुचवलंय आणि तुम्हाला चेहरा वाकडा व्हायची धास्ती आहे. ती धास्ती सोडा. चेहरा हलवते ती सातवी नस. दुखतेय ती पाचवी, मुख्यतः संवेदनेची. चावण्याचा जोर मात्र काही आठवडे किंवा महिने कमी होऊ शकतो.

मी डॉक्टर नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्म, म्हणजे फिरतं एक्स-रे मशीन चालवतो. सर्जन सुई पुढे सरकवतात ती त्याच्या पडद्यावर बघत.

सुई ओठांच्या कोपऱ्यापासून अडीच-तीन सेंटिमीटर बाहेर टोचतात. तिला गाठायचं असतं कवटीच्या तळाचं फोरामेन ओव्हेल, सेंटिमीटरभरही नसलेलं भोक. ते सहजासहजी दिसत नाही. मान मागे, डोकं जरा वळवलेलं, मशीन तिरकं, असं करत जबड्याच्या हाडाच्या आतल्या अंगाला लंबगोल उमटला की सर्जन 'बस, इथेच' म्हणतात. मग बाजूने बघायचं, कारण सुई किती खोल गेली ते त्यातच कळतं.

पण फोटो भोकापर्यंतच नेतो. नसेच्या तीन फांद्यांपैकी नेमकी कुठली, ते पेशंटच सांगतो. त्यासाठी त्याला मधेच जागं करून बारीक करंट सोडतात आणि विचारतात, 'मुंग्या कुठे येतायत?' दुखणं गालात आणि मुंग्या कपाळावर, तर सुई हलवायची. जागा जुळली की पुन्हा गुंगी देऊन सुईचं टोक साधारण 60 ते 80 अंशांवर मिनिट-दीड मिनिट तापवतात. वडिलांना ऐकू कमी येत असेल तर हे आधीच सांगा, खरंच फरक पडतो.

कळ बहुतेकांची लगेच थांबते, पण बदल्यात तो भाग बधिर होतो. वरची फांदी बधिर झाली तर डोळ्यात कचरा गेलेला कळत नाही आणि बुबुळाला इजा होते. दुखणं कपाळाकडे असेल तर फुग्याने नस दाबण्याच्या पर्यायाबद्दल विचारा. त्यात पूर्ण भूल लागते. क्वचित बधिर भागातच सतत आग होत राहते, आणि त्यावर इलाज कठीण. काही वर्षांनी कळ परतली तर आरएफ पुन्हा करता येतं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सर्जनना सांगा, स्वतःहून बंद करू नका. कार्बामाझेपिनही नंतर त्यांच्या सांगण्यावरून हळूहळूच कमी करायची.