मराठी माध्यमात शिकलेल्यांनी इंग्रजी उच्चारांतील नेहमीच्या चुका कशा टाळाव्यात?

मुलाखतीत इंग्रजी उच्चार चुकू नयेत म्हणून अवघड शब्दांची यादी पाठ करावी का, असे आपण विचारले आहे. यादीचा फारसा उपयोग होत नाही, कारण चुका अनेक दिसल्या तरी त्यांची कारणे मोजकीच असतात आणि माझ्या मते त्यांतले सर्वांत मोठे कारण आघात, म्हणजे शब्दातील एखाद्या अक्षरावर दिला जाणारा जोर, हे आहे.

मराठीत आपण शब्दातील अक्षरे साधारण सारख्याच जोराने उच्चारतो. इंग्रजीत मात्र एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीचे स्वर पुष्कळदा पुसट 'अ'सारखे होतात. 'फोटोग्राफ'मध्ये जोर 'फो'वर आहे, पण छायाचित्रकारासाठी असलेल्या शब्दात तो पुढे सरकून उच्चार 'फटॉग्रफर' होतो आणि 'फोटग्रॅफिक'मध्ये तोच 'ग्रॅ'वर जातो. आपण ज्याला सर्रास 'डेव्हलप' म्हणतो, तो शब्द 'व्हे'वर जोर देऊन 'डिव्हेलप' असा म्हणावा. आघात चुकला की ऐकणाऱ्याला शब्द ओळखणे जड जाते. एखादे व्यंजन मराठी वळणाचे राहिले, तर सहसा तितके बिघडत नाही.

तरीही दोन व्यंजनांवर मी आवर्जून मेहनत घ्यायला सांगतो. आपला 'थ' जीभ दातांना टेकवून झटक्यात सोडल्यावर उमटतो, म्हणून तो लांबवता येत नाही. 'थिंक'मध्ये जिभेचे टोक दातांच्या फटीत ठेवून हवा वाहती ठेवायची असते, त्यामुळे तो ध्वनी श्वास पुरेल तितका लांबवता येतो. तसेच 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' यांतला भेद आपण लेखनात दाखवतो खरा, पण म्हणून बोलताना 'व'ला 'ह' जोडू नये. 'व्हेस्ट'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा घासत सोडावी आणि 'वेस्ट'ला दात लागू न देता ओठ शीळ घालताना होतात तसे गोल करावेत.

कर्ज या अर्थाचा 'डेट', तसेच 'डाउट' आणि 'रिसीट' यांतील मुकी अक्षरे लॅटिन मुळाशी नाते दाखवण्यासाठी स्पेलिंगमध्ये मागाहून घातली गेली, त्यामुळे तेथे स्पेलिंगवर विसंबू नये.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या ऑनलाइन शब्दकोशांत ब्रिटिश व अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकता येतात आणि उच्चारलेखनात आघाताच्या अक्षराआधी वर छोटी उभी रेघ असते. ती रेघ पाहावी, उच्चार ऐकावा आणि मग स्वतःचा उच्चार मोबाइलवर रेकॉर्ड करून ताडून पाहावा. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पाठ करण्याची सवय मात्र सोडावी, कारण आपल्या नेहमीच्या लेखनात आघात दाखवण्याची सोयच नाही.