वसतिगृहातले १४ ॲक्सेस पॉइंट एकाच जागेवरून सांभाळता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन मजली वसतिगृह, एकाच कंपनीचे १४ ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारे डबे, पुढे ए.पी.), प्रत्येकाचं सेटिंग वेगवेगळं केलेलं. पासवर्ड बदलायचा म्हटलं की लॅपटॉप घेऊन एकेकाच्या आयपीवर (नेटवर्कमधल्या पत्त्यावर) जावं लागतं. कंट्रोलर सॉफ्टवेअर (सगळे ए.पी. सांभाळणारा प्रोग्रॅम) टाकलं तर हे एका जागेवरून होईल का, त्यासाठी एक कॉम्प्युटर चोवीस तास चालू ठेवावा लागेल का, आणि तो बंद पडला तर मुलांचं नेट जाईल का?

एका जागेवरून नक्की होईल. लॉज, शाळा, वसतिगृहं अशा ठिकाणची नेटवर्कं उभी करणं हेच माझं काम आहे, आणि ए.पी. दहाच्या वर गेले की मी कंट्रोलरशिवाय कामच घेत नाही. पण तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण या भीतीपोटी अनेक जण कंट्रोलर टाकायचंच टाळतात.

ही भीती निराधार नाही. मोठ्या कंपन्यांच्या जुन्या रचनेत ए.पी. स्वतः फारसं काही करत नसे. सगळा डेटा बोगद्यातून आधी कंट्रोलरकडे जायचा आणि तिथून पुढे. सिस्कोने २००५ साली एअरस्पेस ही कंपनी घेतली ती याच पद्धतीसाठी. पुढे २००९ मध्ये त्या धर्तीवर कॅपवॅप हे प्रमाण (ए.पी. आणि कंट्रोलरने एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम) आलं. तशा रचनेत कंट्रोलर पडला की वाय-फाय अडचणीत यायचं. तुमच्यासारख्या ठिकाणी जे वापरतात, म्हणजे युबिक्विटीचं युनिफाय किंवा टीपी-लिंकचं ओमाडा, त्यात मुलांचा डेटा कंट्रोलरमधून जातच नाही. ए.पी.कडून स्विचकडे, स्विचकडून राउटरकडे आणि तिथून बाहेर. कंट्रोलर फक्त सेटिंग पाठवतो आणि नोंदी ठेवतो. तो बंद केलात तरी ए.पी. शेवटचं मिळालेलं सेटिंग धरून चालत राहतात. वीज जाऊन परत आली तरी तेच सेटिंग घेऊन उठतात.

मग चोवीस तास चालू कशाला ठेवायचा? एक, आलेख आणि नोंदी तेवढ्याच वेळेच्या मिळतात जेवढा वेळ तो चालू असतो. रात्री अकराला नेट रडतंय अशी तक्रार आली आणि कंट्रोलर संध्याकाळी सहाला ऑफिसबरोबर बंद झाला असेल, तर सकाळी बघायला काहीच नसतं. दुसरं जास्त महत्त्वाचं: लॉगिनचं पान किंवा व्हाउचर (एकेकाला द्यायचे कोड) कंट्रोलरवरून चालवणार असाल तर तो चालूच हवा, नाहीतर नवीन मुलाला आत येता येणार नाही. ऑफिसातला टायपिंगचा कॉम्प्युटर यासाठी वापरू नका. एखादा लहान मिनी पीसी घ्या, किंवा ओमाडा असेल तर ओसी२०० हा तयार कंट्रोलरचा छोटा डबा घ्या. तो पीओई स्विचवरूनच (नेटच्या केबलमधूनच वीज देणारा स्विच) वीज घेतो, त्यामुळे स्विच इन्व्हर्टरवर असला की कंट्रोलरही आपोआप इन्व्हर्टरवर येतो. दोन्ही कंपन्यांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पैसे लागतील ते यंत्राचे. एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचे ए.पी. सांभाळत नाही, एवढं पुढची खरेदी करताना लक्षात असू द्या.

जोडणीचं काम एका दमात करू नका. ए.पी. कंट्रोलरखाली घेतला की त्यावरचं जुनं सेटिंग पुसलं जातं, म्हणून आधी कंट्रोलरमध्ये वाय-फायचं नाव, पासवर्ड, व्हीलॅन (एकाच वायरिंगवर वेगळी केलेली नेटवर्कं) सगळं तयार ठेवा आणि मग दुपारी मुलं कॉलेजला गेल्यावर एकेक मजला घ्या. युनिफायमध्ये पांढरा दिवा म्हणजे ए.पी. वाट बघतोय, निळा स्थिर झाला की कंट्रोलरखाली आला. यादीत दिसतच नसेल तर ए.पी. बिघडला असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा विंडोजच्या फायरवॉलने ८०८० पोर्ट (ए.पी. ज्या दाराने कंट्रोलरशी बोलतो ते) अडवलेला असतो. ए.पी. आणि कंट्रोलर वेगळ्या व्हीलॅनमध्ये असतील तर डीएचसीपीच्या (आयपी आपोआप वाटणाऱ्या सेवेच्या) ऑप्शन ४३ मध्ये कंट्रोलरचा पत्ता द्यावा लागतो, किंवा एसएसएचने (दुरून कमांड देण्याच्या सोयीने) ए.पी.त शिरून कंट्रोलरचा पत्ता सांगणारी सेट-इन्फॉर्म ही कमांड द्यावी लागते. कंट्रोलरचा आयपी मात्र पहिल्याच दिवशी कायमचा बांधून टाका.

आता ज्यासाठी मी कंट्रोलर टाकायला सांगतो तो भाग. पासवर्ड एका क्लिकमध्ये बदलतो ही सोय झाली. खरा फायदा हा की १४ ए.पी. कोणत्या चॅनेलवर आणि किती ताकदीने बोलताहेत हे पहिल्यांदाच एका पडद्यावर दिसतं. वेगवेगळं सेटिंग केलेल्या ठिकाणी हमखास दिसणारं चित्र असं: सगळे ए.पी. पूर्ण ताकदीवर, वाय-फायच्या पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्‌झवर निम्मे चॅनेल ६ वर, आणि सगळे कॉरिडॉरच्या छताला एका रांगेत. कॉरिडॉर मोकळा असल्यामुळे टोकाचे दोन ए.पी. एकमेकांना ठणठणीत ऐकू येतात, आणि ज्या खोलीत मूल बसलंय तिथे मात्र दोन विटांच्या भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडून सिग्नल पोचतो. एकाच चॅनेलवरचा एक बोलत असला की दुसऱ्याला गप्प बसावं लागतं. म्हणजे फोनवर रेंज पूर्ण दिसते आणि नेट सरकत नाही.

यावर ताकद वाढवणं हा उपाय नाही, ती कमी करायची असते. लोकांना हे पटायला जड जातं, पण करून बघा. २.४ गिगाहर्ट्‌झवर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि १, ६, ११ हे तीनच चॅनेल आलटून पालटून द्या, वरच्या-खालच्या मजल्याचाही विचार करून. ताकद ५ गिगाहर्ट्‌झपेक्षा सहा-सात डेसिबलने खाली ठेवा (तीन डेसिबल उतरले की ताकद निम्मी होते). इतक्या दाटीत ५ गिगाहर्ट्‌झवर ८० ची रुंदी घेण्याचा मोह टाळा, ४० पुरे. कंट्रोलरमध्ये देश म्हणून भारत निवडा. आपल्याकडे २०१८ साली ५ गिगाहर्ट्‌झमधला ६०५ मेगाहर्ट्‌झचा पट्टा विनापरवाना खुला झाला, त्यामुळे चॅनेल भरपूर आहेत. त्यातले काही रडारशी वाटून घ्यायचे असतात, तिथे रडारचा सिग्नल मिळाला की ए.पी.ला चॅनेल सोडावा लागतो. वसतिगृह विमानतळाजवळ असेल तर ते चॅनेल टाळलेले बरे.

वाय-फायची नावंही कमी करा. मुलं, कर्मचारी, पाहुणे, कॅमेरे, वॉर्डन अशी पाच-सहा नावं मी पुष्कळ ठिकाणी बघतो. प्रत्येक नावासाठी प्रत्येक ए.पी. सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ असं ओरडत असतो, आणि तेही सर्वांत संथ वेगाने. तीनच्या पुढे जाऊ नका आणि २.४ चा किमान वेग ६ एमबीपीएसवर नेऊन ठेवा.

खोलीतून जेवणाच्या हॉलमध्ये गेलं तरी फोन जुन्याच ए.पी.ला चिकटून राहतो, अशीही तुमची तक्रार आहे. कंट्रोलर आला की हे आपोआप सुटेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कुठल्या ए.पी.वर जायचं हा निर्णय फोनचा असतो. वाय-फायच्या प्रमाणातली ८०२.११ के आणि व्ही ही सेटिंगं फोनला फक्त सल्ला देतात, आणि आर ने बदल लवकर होतो. ताकद उतरवली की निम्मी तक्रार तिथेच मिटते, कारण दूरचा ए.पी. खरोखरच दूरचा वाटू लागतो.

पासवर्डबद्दल एक सुचवतो. सगळ्या मुलांना एकच पासवर्ड असेल तर तो आठवड्याभरात शेजारच्या इमारतीत पोचलेला असतो, मग कंट्रोलरवरून कितीही वेळा बदला. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये एकाच वाय-फाय नावाखाली वेगवेगळे पासवर्ड देण्याची सोय आहे. निदान खोलीनिहाय द्या. मूल वसतिगृह सोडून गेलं की तेवढाच एक काढायचा, बाकीच्यांना त्रास नाही.

नवीन फर्मवेअर (ए.पी.च्या आतलं सॉफ्टवेअर) आधी एकाच ए.पी.वर चढवा, दोन-चार दिवस बघा, मग बाकीच्यांवर. परीक्षेच्या दिवसांत अजिबात नको.

आणि कंट्रोलर बसवायला बाहेरचा माणूस बोलावलात तर हे आधीच ठरवून घ्या: कंट्रोलर तुमच्या यंत्रावर, मालक म्हणून नोंदलेलं खातं वसतिगृहाच्या ईमेलवर. मी गेलोय अशा कित्येक जागी बसवणाऱ्याने सगळं स्वतःच्या लॅपटॉपवरून जोडलेलं होतं. वर्षभराने त्याचा फोन लागत नाही, आणि नवीन कंट्रोलर उघडला की यादीत प्रत्येक ए.पी.पुढे ‘दुसऱ्याच्या ताब्यात’ असं दिसतं. मग शिडी लावून एकेक ए.पी. उतरवायचा आणि टाचणीने रीसेटचं बटण दाबून धरायचं, एवढंच हातात उरतं. कंट्रोलरमध्ये आपोआप बॅकअपची सोय आहे, ती चालू करा आणि ती फाइल त्याच यंत्रावर न ठेवता दुसरीकडे उतरवत जा. यंत्र जळालं तर नव्या यंत्राला जुनाच आयपी देऊन ती फाइल चढवायची, थोड्या वेळात १४ च्या १४ ए.पी. परत यादीत येतात.