मनमोकळं : विपश्यनेला जाऊ का?

प्रश्न : वय ५२. घटस्फोटानंतर झोप उडालीय, मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत. इगतपुरीच्या १० दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊ का?

उत्तर : आधी डॉक्टरांना विचारा. अर्जात गोळ्यांची नोंद करा, लपवू नका. शिबिरासाठी म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्या, तर झोप आणखी बिघडते आणि धीरही सुटतो. दिवस पहाटे ४ला सुरू होतो. पहिले तीन दिवस फक्त श्वासावर लक्ष ठेवायचं, चौथ्यापासून अंगभरच्या संवेदनांवर. तेव्हापासूनच तासभर न हलता बसायचं. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्ची मागा, त्यात कमीपणा कसला? शिबिरात पाळायचं मौन दहाव्या दिवशी सुटतं, पण घाबरायला झालं तर शिकवणाऱ्या आचार्यांशी मधेही जरूर बोलता येतं. फी नाही, रजा मात्र येण्या-जाण्याचे दिवस धरून १२ दिवसांची टाका.