थंडीत हीट पंप की गॅस फर्नेस?

प्रश्न: लेक-जावई शिकागोला असतात, घर गरम ठेवणारा गॅस फर्नेस बदलायचाय. जावई म्हणतात हीट पंप ३०० टक्के एफिशियंट, असं कसं हो?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: काका, थाप नाही ती. फर्नेस गॅस जाळतो, कितीही भारी घ्या ९५-९८ टक्क्यांवर थांबतो, हीट पंप मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत टाकतो, आपला फ्रिज मागनं गरम लागतो ना तसंच, म्हणून १ युनिट विजेत ३ युनिट उष्णता. पण हे बाहेर ७-८ डिग्री असताना हं! उणे १५ ला ते २ च्या आसपास येतं, त्यात बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो, तो वितळवायलाही वीजच. आणि एक युनिट वीज तेवढीच ऊर्जा देणाऱ्या गॅसच्या तिप्पट महाग असेल तर त्या कडाक्यात फर्नेसच स्वस्त. जावयांना आधी दोन्ही बिलांचे दर बघायला सांगा, हीट पंप घेतलाच तर कोल्ड क्लायमेट मॉडेल, म्हणजे कडाक्याच्या थंडीसाठी बनवलेलं.