लॅमिनिनवर थायमोसाइट सरकत नाहीत? आधी कुपी कशी आली ते बघा

तुमची पोस्ट वाचताना आठ वर्षांपूर्वीचे माझेच दिवस आठवले. थायमोसाइट म्हणजे थायमस या छातीतल्या ग्रंथीत घडणाऱ्या टी-पेशी, आणि लॅमिनिन हे मॅट्रिक्समधलं, म्हणजे पेशींभोवतीच्या जाळ्यातलं, एक प्रथिन. तुम्ही लिहिलंय, लॅमिनिनचा लेप दिलेल्या ट्रान्सवेलमधून (मध्ये सच्छिद्र जाळी असलेल्या दोन खणांच्या वाटीतून) जेवढ्या पेशी उतरतात तेवढ्याच कंट्रोल म्हणून ठेवलेल्या नुसत्या अल्ब्युमिनवरूनही, आणि गाईड म्हणतात पेशीच खराब. मला तसं वाटत नाही.

आमची लॅब रत्नागिरीत. लॅमिनिन आलं ते नेमकं गणपतीच्या आदल्या दुपारी. खरेदी विभागाने खोकं उतरवून घेतलं, रजिस्टरात नोंद केली, कुलूप लावलं आणि सगळे गावी गेले. आम्हाला एक फोन नाही. गौरी-गणपती पोचवून मी परत आले तेव्हा कोरडा बर्फ केव्हाच उडून गेला होता, लेबल भिजून सुटलं होतं. कुपी तिरकी केली तर आतलं द्रव वाहिना, नुसतं थलथललं. लॅमिनिनला ऊब लागली की त्याचे रेणू एकमेकांत गुंतून जाळं धरतात, हे मला माहीत होतं. तरी नवी कुपी मंजूर व्हायला चार महिने लागणार म्हणून मी तेच ढवळून वापरलं. सहा महिने पाण्यात गेले. विभाग शेवटपर्यंत ‘माल वेळेत मिळाला’ या नोंदीवर बोट ठेवून बसला. आजही आठवलं की डोकं फिरतं.

तुमची कुपी फ्रिजमध्ये, ४ अंशांवर, सावकाश वितळली होती का? शंका असेल तर टाकून द्या, जीव अडकवू नका.

दुसरा संशय सीरमवर. पेशींच्या द्रावात घालतात त्या वासराच्या सीरममध्ये फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही पेशींना पकड देणारी प्रथिनं असतातच. ती अल्ब्युमिनच्या जाळीवरही चिकटतात, मग कंट्रोल कसला राहतोय? ईडीटीए (मॅग्नेशियम ओढून घेणारं रसायन) वापरलं असेल तर पेशी नीट धुवा, इंटिग्रिनना, म्हणजे मॅट्रिक्सला धरणाऱ्या पेशीवरच्या रेणूंना, मॅग्नेशियम लागतं.

आणि माझं ठाम मत, उंदरांवरच्या कामातून आलेलं: एकट्या लॅमिनिनकडून फार अपेक्षा ठेवू नका. खालच्या खणात सीएक्ससीएल१२ हे केमोकाइन (पेशींना आपल्याकडे ओढणारं संकेत-प्रथिन) घाला. ब्राझीलच्या विल्सन साविनो यांच्या गटाने हेच मांडलंय, की मॅट्रिक्स आणि केमोकाइन दोन्ही मिळून पेशीला हलवतात. थायमसमध्ये पेशी कॉर्टेक्स (बाहेरचा थर) आणि मेड्युला (आतला गाभा) यांच्या सीमेवरून शिरते, बाहेर कॅप्सूलखाली, म्हणजे ग्रंथीच्या आवरणाखाली, जाते, मग पुन्हा आत मेड्युलात येते. या सगळ्या वाटेवर तिच्या पायाखाली मॅट्रिक्स असतं आणि समोरून केमोकाइनची हाक.

पुढची ऑर्डर गणपती आणि शिमगा टाळून द्या. खोक्यावर विभागाचा नको, तुमचा मोबाईल नंबर घाला.