चिंधी, टाका आणि भिंत : आर्ट क्विल्टिंगवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, दोन वर्षं झाली क्विल्ट, म्हणजे कापडाचे थर एकत्र शिवलेल्या गोधड्या, करतेय, आता पहिल्यांदाच भिंतीवर लावायला म्हणून एक अ‍ॅबस्ट्रॅक्ट पीस केलाय. घरात सगळ्यांचं एकच, पांघरायचं नाही तर एवढा खटाटोप कशाला. याला कला म्हणून खरंच कोणी मानतं का?

उत्तर : मानतात हो, आणि बरीच वर्षं झाली त्याला. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जोनाथन होलस्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी जमवलेले जुने अमेरिकन क्विल्ट पेंटिंगसारखे भिंतीवर टांगले, अंथरुणावरच्याच वस्तू होत्या त्या, पण उभ्या केल्याबरोबर लोकांना रंग आणि आकार दिसायला लागले. मला त्यातलं एक मात्र अजून खुपतं, त्यातले बहुतेक क्विल्ट कोणी शिवले त्या बायकांची नावंच कुठे नव्हती. मग जे मुळातच भिंतीसाठी क्विल्ट करत होते त्यांना जागा हवी होती, म्हणून 1979 मध्ये नॅन्सी क्रो आणि तिच्या सोबतच्या कलाकारांनी ओहायोतल्या अथेन्समध्ये गायींच्या एका जुन्या गोठ्यात क्विल्ट नॅशनल सुरू केलं, ते प्रदर्शन तेव्हापासून दर दोन वर्षांनी भरतंय.

पण घरच्यांना सांगायचीच असेल तर मी हॅरिएट पॉवर्सची गोष्ट सांगेन. जन्म 1837 चा, जॉर्जियात, गुलामगिरीत. तिने बायबलच्या गोष्टी कापडाच्या आकृत्या कापून, वर शिवून एका क्विल्टवर मांडल्या आणि तो 1886 च्या एका कापूस मेळ्यात लावला. तिथे जेनी स्मिथ नावाच्या एका चित्रकलेच्या बाईंनी तो विकत मागितला तर हॅरिएट नाही म्हणाली, पुढे काही वर्षांनी हात तंग झाला तेव्हा 10 डॉलर मागितले आणि 5 डॉलरला द्यावा लागला. देताना तिने एकेका चौकटीचा अर्थ सांगितला, स्मिथबाईंनी तो लिहून घेतला, आणि नंतरही ती आपला क्विल्ट बघायला परत परत जात राहिली. हे वाचलं की मला दर वेळी गलबलून येतं. तो क्विल्ट आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या म्युझियममध्ये आहे. दुसरा बोस्टनच्या म्युझियममध्ये आहे, त्यात 1833 चा उल्कावर्षाव आहे, म्हणजे तिच्या जन्माच्याही आधीचा, नुसता ऐकलेला, आणि तो तिने चिंध्यांत उतरवला. तिचे हे दोनच क्विल्ट आपल्यापर्यंत पोचलेत. तेव्हा तुमच्या पीसच्या मागे नाव आणि वर्ष लिहिलेलं कापडी लेबल आजच शिवा, उद्यावर टाकू नका.

प्रश्न : बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या शर्टांतून त्यांचाच चेहरा करायचाय, फोटो निवडलाय. पण चेहरा अगदी सपाट दिसतोय आणि खरं सांगायचं तर शर्टाला कात्री लावायला हातच धजत नाही.

उत्तर : आधी चेहऱ्याचं बघू कारण ते सोपंय. तुम्ही बहुतेक त्वचेच्या रंगाचे तुकडे शोधत बसलाय, ते सोडा. चेहरा रंगामुळे उभा राहत नाही, तो उजेड आणि सावलीमुळे राहतो. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, त्यात उजळ ते गडद अशा पाच-सहा पायऱ्या पाडा, मग सगळे शर्ट जमिनीवर पसरून त्यांचाही फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, कुठला शर्ट कुठल्या पायरीवर बसतो ते लगेच कळतं. बिसा बटलर या अमेरिकन क्विल्ट-कलाकाराचं काम बघा, माणसाएवढी पोर्ट्रेट्स, चेहऱ्यावर जांभळा, निळा, नारिंगी, तरी माणूस जिवंत वाटतो कारण उजेडाचं गणित पक्कंय. ती मुळात पेंटिंग शिकलेली, आणि तिने सुरुवातीला केलेल्या पोर्ट्रेट क्विल्टपैकी एक आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोवरून केलेला, म्हणजे तुमच्यासारखीच घरातून सुरुवात.

आता कात्रीचं. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या गावात मिसुरी पेटवे नावाची बाई होती, नवरा गेल्यावर 1942 मध्ये तिने त्याचे शेतातले कामाचे कपडे फाडून क्विल्ट केला, त्याची आठवण म्हणून, अंगावर घ्यायला. तिथल्या अशा क्विल्टमध्ये गुडघ्यावर विरलेलं कापड तसंच ठेवलेलं दिसतं, उसवलेल्या खिशाच्या जागी न विटलेला गडद चौकोन दिसतो. माणूस तिथे असतो, चेहऱ्यापेक्षाही जास्त. म्हणून माझं ऐका, नुसता स्वच्छ भाग कापून घेऊ नका, घासलेली कॉलर, खिशावरचा शाईचा डाग, बदललेलं वेगळंच बटण, हे सगळं आत येऊ द्या. पहिली कात्री शर्टाच्या पाठीला लावा, तिथे मोठा सलग तुकडा मिळतो आणि मन जरा घट्ट होतं. जुनं कापड विरलेलं असतं आणि उरेब, म्हणजे तिरकं, कापलं की फार ताणतं, तर कापायच्या आधी मागून हलकं फ्यूझिंग, म्हणजे गरम केल्यावर चिकटणारं पातळ अस्तर, इस्त्रीने चिकटवून घ्या. एक शर्ट मात्र अख्खा ठेवा.

प्रश्न : फ्री मोशन, म्हणजे मशीनखाली कापड हातानेच फिरवत टाके, करताना मागच्या बाजूला वळणांवर दोऱ्याचे फासे येतात आणि पूर्ण झाल्यावर क्विल्ट लाटांसारखा वर-खाली होतो. मशीन बिघडलीय का?

उत्तर : बहुतेक नाही. फासे सगळीकडेच येत असतील तर वरचा दोरा ढिला आहे, आणि नव्वद टक्के वेळा म्हणण्याइतकं हेच सापडतं की ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली होता त्यामुळे दोरा त्याचा ताण धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्यांत बसलाच नाही, तर फूट वर करून पुन्हा ओवा. फक्त वळणांवर येत असतील तर वळताना तुमचा हात झटका मारतोय. फ्री मोशनमध्ये फीड डॉग, म्हणजे कापड पुढे सरकवणारे दाते, खाली असतात, टाक्याची लांबी तुमच्या हातानेच ठरते, त्यामुळे मशीन एकसारखी चालू द्या आणि हात हळू. रोज दहा मिनिटं एका फालतू सँडविचवर, म्हणजे वरचं कापड, मधलं भरण आणि खालचं कापड अशा तुकड्यावर, गिरवा, पाटीवर गिरवायचो तसं.

लाटा येतात त्या दाटीमुळे, एकीकडे गच्च टाके आणि शेजारी मोकळं कापड असलं की गच्च भाग आक्रसतो आणि मोकळा फुगतो. मधून सुरुवात करून बाहेर जा आणि दाटी साधारण सारखी ठेवा. झालेला पीस वाचवायचा असेल तर रंग जात नाही ना ते कोपऱ्यात बघून ओला करा, सपाट बोर्डवर गुण्याने काटकोनात ताणून पिना लावा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका.

प्रश्न : नेटवर इतकं सुंदर काम दिसतं की माझं सगळं त्याची कॉपी वाटायला लागतं. आणि तयार पीस ठेवायचे कसे?

उत्तर : शिकायला कॉपी करा, पण आपलं म्हणून लावू नका, एवढं साधं आहे. जीज बेंडच्या बायका पिढ्यानपिढ्या हाउसटॉप हाच एक नमुना शिवत आल्या, चौकोनात चौकोन, आणि दोघींचा कधी सारखा झाला नाही कारण हाताशी असलेलं कापड वेगळं. 1972 पासून तिथल्या सहकारी संस्थेला एका मोठ्या कंपनीचं कॉर्डरॉयच्या उशी-कव्हरांचं काम मिळालं, तर उरलेल्या कॉर्डरॉयचे क्विल्ट व्हायला लागले. तुमच्या टोपलीत काय उरलंय तिथून सुरू करा.

ठेवायचं तर घडी नको, घडीवर कापड विरतं. जाड नळीवर धुतलेलं सुती कापड गुंडाळा, त्यावर क्विल्टची चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, वर पुन्हा सुती कापड. प्लॅस्टिकची पिशवी अजिबात नको, आत दमटपणा कोंडतो. आणि भिंतीवर लावलेला असेल तर तिथे थेट ऊन येत नाही ना ते एकदा दिवसभर बघा, सकाळी नाही आलं तरी दुपारी येतं.