जंगल तेवढंच आहे, मग झाडं कमी कशी होतात?

प्रश्न : मला ट्रेकिंगचा आणि झाडांचे फोटो काढायचा नाद आहे. डोंगरातल्या जंगलातून रस्ता गेला, मधे मळे आले की जंगलाचे तुकडे होतात आणि वनस्पतींची विविधता घटते असं सगळीकडे वाचतो, पण मला तर उलटंच दिसतं. जंगलाच्या कडेला जेवढ्या प्रकारची झुडपं, वेली, फुलं मिळतात तेवढी आत शिरल्यावर मिळत नाहीत. आणि एकूण क्षेत्र जवळपास तेवढंच राहिलं तर नुसते तुकडे झाल्याने बिघडतं काय?

उत्तर : तुमचं निरीक्षण चुकीचं नाही, कडेला खरंच गर्दी असते, पण ती कोणाची ते बघा. उन्हात भराभर वाढणारी, वाऱ्यावर किंवा कुठल्याही पाखराच्या पोटातून बी पसरवणारी मंडळी असतात ती, त्यांना रस्त्याची कडा काय न् ओसाड माळ काय सारखंच. नुसती यादी मोजली तर आकडा वाढलेला पण दिसेल. जातात ती आतली, सावलीतली झाडं, आणि ती दुसरीकडे कुठे मिळतच नाहीत.

आता क्षेत्राचं. एक सोपा हिशोब करा. १०० हेक्टरचा चौकोन म्हणजे १ किलोमीटर बाय १ किलोमीटर. कडेचं ऊन-वारं १०० मीटर आत पोचतं असं धरलं तर खरं आतलं जंगल उरतं ६४ हेक्टर. त्याच १०० हेक्टरचे चार तुकडे लांब लांब ठेवा, प्रत्येकात आतलं उरतं ९, म्हणजे सगळं मिळून ३६. आणि एकेक हेक्टरचे शंभर तुकडे केले तर शून्य! कागदावर मात्र अजून १०० हेक्टरच. २०१५ मध्ये जगभरच्या जंगलांचा असा हिशोब मांडला गेला तेव्हा उरलेल्या जंगलापैकी ७० टक्के कडेपासून १ किलोमीटरच्या आत निघालं.

कडेला नेमकं काय होतं ते डोंगरात जास्त उघडं पडतं, कारण तिथलं निम्मं वैभव धुक्यावर जगतं. खोडांवरचं शेवाळ, ऑर्किड, आणि ते पापुद्र्यासारखे पातळ नेचे बघितलेत का? त्यांचं पान शिरा सोडल्या तर बहुतेक ठिकाणी एकाच पेशीच्या जाडीचं असतं, प्रकाशासमोर धरलं तर आरपार दिसतं, पाणी धरून ठेवायची सोयच नाही. शेजारची झाडं गेली आणि कोरडा वारा आत आला की ते आधी कुरळे होतात आणि मग दिसेनासे होतात, मोठं झाड तसंच उभं असतं म्हणून लांबून कळतही नाही. ब्राझीलमध्ये मनाउसजवळ १९७९ पासून १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे मुद्दाम राखून अभ्यास चालू आहे (ते जंगल सपाटीवरचं, पण कडेचं गणित तेच), तिथे कडेजवळ मोठी झाडं आतल्यापेक्षा जवळपास तिप्पट वेगाने मरतात असं दिसलं.

दुसरी गोष्ट पक्ष्यांची. टांझानियात पूर्व उसांबारा नावाचे डोंगर आहेत, चहाच्या मळ्यांमुळे तिथलं जंगल तुकड्यातुकड्यात राहिलंय (कुंडीतलं आफ्रिकन व्हायोलेट माहीत असेल, त्याचे जंगली भाऊबंद तिथल्या सावलीतल्या ओल्या खडकांवर वाढतात). तिथे लेप्टोनिकिया नावाच्या एका झाडाचा अभ्यास झाला. छोट्या तुकड्यांत फळं खाणारे पक्षी कमी, त्यामुळे बिया आईच्या पायाशीच पडतात आणि लांबवर रोपं कमी सापडतात. झाड आहे, फळ आहे, पुढची पिढीच नाही. झाडं शंभर-दोनशे वर्षं जगतात म्हणून हा तोटा लगेच दिसत नाही, शास्त्रज्ञ याला नामशेष होण्याचं कर्ज म्हणतात, आज जंगल तोडलं की हप्ते नातवंडांच्या काळापर्यंत जातात.

तिसरं खास डोंगराचंच. हजार मीटर चढलं की तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं, म्हणून हवा तापायला लागली की वनस्पती हळूहळू वर सरकतात. पश्चिम युरोपच्या डोंगरांत जंगलातल्या १७१ जातींची जुनी-नवी नोंद ताडून बघितली तर सरासरी दर दहा वर्षांनी २९ मीटर वर, असं २००८ मध्ये छापून आलं. पण वर सरकायला सलग जंगल लागतं ना, मधे मळ्याचा पट्टा आला की सावलीतल्या झाडाची वाट तिथेच अडते.

हे पण सांगायला हवं की सगळे शास्त्रज्ञ एकमताचे नाहीत. कॅनडाच्या लेनोर फारिग म्हणतात की क्षेत्र घटणं आणि तुकडे होणं वेगळं मोजा, नुसत्या तुकड्यांचा परिणाम पुष्कळदा नगण्य किंवा चांगलाही निघतो. मुद्दा दमदार आहे, छोटा तुकडा म्हणून कोणी त्याला फालतू ठरवू नये हेही पटतं. पण धुक्यातल्या डोंगरावर मी तरी वरच्या ६४, ३६, शून्यवरच विश्वास ठेवीन.

प्रश्न : मग मधल्या जागेत झाडं लावून तुकडे जोडले तर?

उत्तर : जोडल्याने फरक पडतो. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात मोकळ्या जागेचे तुकडे पट्ट्यांनी जोडून बघितले, तर १८ वर्षांनी जोडलेल्यांत न जोडलेल्यांपेक्षा १४ टक्के जास्त जाती होत्या. पण लावायचं काय, ते जपून. त्याच उसांबारात मेसोप्सिस नावाचं भराभर वाढणारं झाड बाहेरून आणलं, धनेश पक्ष्यांनी त्याची फळं खाऊन बिया जंगलभर टाकल्या, आणि तोडीने उघड्या पडलेल्या जागा त्याने बळकावल्या. त्यामुळे रोपं त्याच डोंगरातली आणि साधारण त्याच उंचीवरची घ्या. शेजारचं जंगल धडधाकट असेल तर आधी दोन-तीन वर्षं नुसती जागा राखून बघा काय आपोआप उगवतंय, पुष्कळदा निम्मं काम तिथेच होतं.